उरणचे वायू विद्युत केंद्र : एका ज्वाळेतून दोनदा वीज

1974 साली मुंबईच्या पश्चिमेला, किनाऱ्यापासून सुमारे 160 किलोमीटरवर, समुद्रतळाखाली तेल सापडले. ते क्षेत्र म्हणजे ‘मुंबई हाय’. तेलाबरोबर नैसर्गिक वायूही वर आला आणि समुद्राखालच्या नळांतून उरणच्या किनाऱ्याला लागला. हा वायू वाया घालवण्यापेक्षा त्याची वीज का करू नये, या विचारातून रायगड जिल्ह्यात बोकडवीऱ्याजवळ वायू विद्युत केंद्र उभे राहिले. 1982 मध्ये ते सुरू झाले. तेव्हा ते राज्य विद्युत मंडळाचे होते, 2005 मध्ये मंडळाचे विभाजन झाल्यावर महानिर्मिती या सरकारी वीजनिर्मिती कंपनीकडे आले.

सुरुवातीचे 60 मेगावॉटचे चार संच आता निवृत्त झाले आहेत. त्यांच्यानंतर प्रत्येकी 108 मेगावॉटचे चार संच बसले. अशा संचात कॉम्प्रेसर बाहेरची हवा ओढून दाबतो, दाबलेल्या हवेत वायू जळतो आणि तापलेला झोत टर्बाइनची पाती फिरवतो. टर्बाइनची निम्म्याहून अधिक ताकद कॉम्प्रेसर चालवण्यातच खर्ची पडते. उरलेली जनित्राला मिळते. शिवाय टर्बाइनमधून बाहेर पडणारा झोत तेव्हाही सुमारे 500 अंश सेल्सिअस तापलेला असतो. तो तसाच चिमणीतून सोडला, तर वायूतल्या उष्णतेपैकी जेमतेम तीस टक्क्यांची वीज होते.

उरणची खरी कमाई पुढच्या टप्प्यात आहे. 1994 च्या सुमारास इथे प्रत्येकी 120 मेगावॉटचे दोन वाफेचे संच जोडले गेले. दोन वायू संचांचा गरम झोत बॉयलरमधून फिरवायचा, पाण्याची वाफ करायची आणि तिच्यावर तिसरे जनित्र चालवायचे. म्हणजे 216 मेगावॉटच्या जोडीला 120 मेगावॉटची भर पडते, तीही वायूचा एक जादा घनमीटर न जाळता. असे दोन गट मिळून केंद्राची क्षमता 672 मेगावॉट होते. याच पद्धतीने आजची अद्ययावत केंद्रे साठ टक्के कार्यक्षमतेच्या पुढे गेली आहेत. इथे राखेचे डोंगर नाहीत, आणि एका युनिटमागे हवेत जाणारा कार्बन डायऑक्साइड कोळशाच्या केंद्राच्या साधारण निम्मा असतो.

दुसरा गुण चपळाईचा. थंड पडलेला कोळशाचा संच पूर्ण भारावर यायला कित्येक तास लागतात. वायू संच अर्ध्या तासाच्या आसपास जोर धरतो. वाफेचा संच त्याच्या मागून येतो. मागणी एकाएकी उसळली की विजेची मागणी आणि पुरवठा जुळवणाऱ्या भार प्रेषण केंद्राला असाच संच हाताशी लागतो.

एवढे गुण असूनही वायूअभावी उरणचे संच वर्षानुवर्षे पूर्ण क्षमतेने चालू शकलेले नाहीत. मुंबई हायचे साठे जुने झाले आणि त्या वायूवर खत कारखाने व शहरांतल्या घरगुती जोडण्यांचाही हक्क आहे. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या वायूने 2009 मध्ये देशाला मोठी आशा दिली, पण ते उत्पादन लवकरच घसरले. परदेशातून जहाजाने येणारा द्रवरूप वायू महाग पडतो. देशातल्या वायू केंद्रांची बरीचशी क्षमता पडून असते. 1967 मेगावॉटचा दाभोळ प्रकल्पही या टंचाईतून सुटलेला नाही.

नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन; तेही जीवाश्म इंधन आहे आणि गळाले तर हवामानाला फार घातक ठरते. म्हणून वायूवर चोवीस तास विसंबून राहण्याचा सल्ला कोणी देऊ नये. पण सौरऊर्जा वाढते आहे, ती सूर्यास्ताला थांबते आणि नेमकी तेव्हाच घरोघरची मागणी चढते. ते संध्याकाळचे तास सांभाळायला पुरेशी साठवण उभी राहीपर्यंत उरणसारखी केंद्रे लागणार आहेत. त्यांचे मोल वर्षभरात किती युनिटे निघाली यावर ठरवू नये; अडचणीच्या वेळी ती किती लवकर उभी राहतात, हे पाहावे. राज्याने त्या तासांपुरता वायू उरणसाठी राखून ठेवावा आणि संचांची देखभाल चोख ठेवावी. एका ज्वाळेतून दोनदा वीज काढणारे हे केंद्र महाराष्ट्राने गंजू देता कामा नये.