दहा रेघांचा थकवा

जपानमधील कचेरीतून संध्याकाळी कोणी घरी जावयास निघाले, की मागे राहिलेले सहकारी 'ओत्सुकारेसामा देशिता' असे म्हणतात. शब्दशः अर्थ 'आपण थकला आहात' असा काहीसा. भाव मात्र 'आज आपण कष्ट घेतलेत' असा कृतज्ञतेचा. पुण्या-मुंबईत जपानी भाषेच्या परीक्षेला बसणाऱ्या विद्यार्थ्याच्या कानांवर हा शब्द फार लवकर पडतो. त्यातील 'त्सुकारे'ची कांजी, म्हणजे चिनी वळणाचे अक्षर, लिहिण्याची वेळ मात्र उशिरा येते. खुद्द जपानी मुलेही ते प्राथमिक शाळेत शिकत नाहीत. तेथील सहा इयत्तांसाठी ठरलेल्या १०२६ कांजींमध्ये ते नाही. नित्योपयोगी २१३६ अक्षरांच्या यादीत आहे आणि माध्यमिक शाळेत येते.

अक्षर दहा रेघांचे. त्यांपैकी पहिल्या पाच रेघा वरून आणि डावीकडून छपरासारखे आवरण घालतात. त्याला 'यामाईदारे' म्हणतात. 'यामाई' म्हणजे आजार. खाटेवर पडलेल्या रुग्णाच्या प्राचीन चित्रातून हा आकार आला. आजार, वेदना, रोगलक्षण, उपचार या साऱ्यांच्या अक्षरांवर हेच छप्पर आहे. थकवा हा जणू दुखण्यांच्याच घराण्यातला, अशी नोंद लिपीने करून ठेवली आहे.

छपराखालच्या उरलेल्या पाच रेघांचे स्वतंत्र अक्षर होते आणि त्याचा अर्थ 'कातडी'. येथे नवशिक्या थबकतो. आजार आणि कातडी मिळून थकवा कसा? मग 'दमलेल्या माणसाची कातडी सैल पडते' अशी गोष्ट रचली जाते. गोष्ट लक्षात राहते, अक्षरही राहते. पण ती खरी नव्हे आणि पुढे ती अडचणीचीच ठरते. कातडीचे अक्षर येथे अर्थासाठी आलेले नसून उच्चारासाठी आले आहे. चिनी भाषेत कातडी आणि थकवा ही दोन्ही अक्षरे आजही 'पी' अशीच, एकाच सुरात उच्चारली जातात. जपानीत दोन्हींचा चिनी वळणाचा उच्चार 'हि' झाला, कारण जपानीतला आजचा 'ह' पूर्वी 'प'च्या जवळचा होता. कांजीला आपण सरसकट चित्रलिपी म्हणतो. बहुसंख्य कांजी मात्र अशाच, अर्धी अर्थाची आणि अर्धी ध्वनीची, जोडणी आहेत.

ही किल्ली हाती आली की एकाच अक्षराने अनेक कुलुपे उघडतात. कातडीच्या डावीकडे वस्त्राचे चिन्ह आले, की वृत्तपत्रांत सतत दिसणाऱ्या 'हिगाई' म्हणजे हानी या शब्दातला 'हि'. हाताचे चिन्ह आले, की 'उघड करून दाखवणे' या अर्थाचा 'हि'. यातून एक गंमत घडते. थकव्याच्या अक्षरापुढे श्रमाचे अक्षर आले की 'हिरो' (शेवटचा 'ओ' लांब) म्हणजे थकवा. हात-कातडीच्या 'हि'पासून झालेला 'हिरो' म्हणजे जाहीर करणे, आणि त्यावरून लग्नाच्या स्वागतसमारंभाला 'हिरोएन' म्हणतात. संगणकावर घाईने चुकीचे अक्षर निवडले, तर निमंत्रणपत्रिकेवर थकव्याची मेजवानी छापली जाईल! मात्र किल्ली दर वेळी चालतेच असे नाही. पाण्याचे चिन्ह आणि कातडी मिळून 'लाट' होते, त्सुनामीतली 'नामी' तीच. तिचा चिनी वळणाचा उच्चार मात्र 'हा'.

बोलण्यात एकटे येणारे क्रियापद 'त्सुकारेरु' हे अस्सल जपानी. त्यातला 'त्सुका' एवढाच भाग कांजीत लिहितात, उरलेला हिरागानात. थकतो, थकला, थकून यांत आपला 'थक' जागचा हलत नाही, शेपूट तेवढे बदलते, तसेच हे. 'त्सुकारेरु' या उच्चाराचा आणखी एक अर्थ 'झपाटले जाणे' असा आहे. कानाला दोन्ही सारखे. आजाराचे छप्पर दिसले की भूतबाधा नव्हे, एवढे वाचकाला कळते. लिहिताना जपायचे ते साथीच्या रोगाच्या अक्षरापासून. छप्पर तेच आणि तळचा फुलीसारखा आकारही सारखाच, त्यामुळे घाईत एकाच्या जागी दुसरे वाचले जाते.

अतिश्रमाने येणाऱ्या मृत्यूसाठी जपानीतला 'कारोशी' हा शब्द जगभर पोहोचला. त्यात अति, श्रम आणि मृत्यू अशी तीन अक्षरे आहेत. थकव्याचे अक्षर नाही. ते सापडते सरकारी कागदांत. हृदयविकार वा मेंदूतील रक्तस्राव कामामुळे झाला काय, हे ठरवण्याच्या २००१ सालच्या निकषांत दीर्घकाळ 'साचलेला थकवा' विचारात घेतला गेला. आजारापूर्वीच्या एका महिन्यात सुमारे १०० तास, किंवा दोन ते सहा महिन्यांत दरमहा सरासरी ८० तासांहून अधिक जादा काम झाले असल्यास कामाशी संबंध दृढ मानला जातो. २०१४ साली कारोशी रोखण्यासाठी स्वतंत्र कायदा झाला. जपानच्या श्रम मंत्रालयाने कामगारांसाठी साचलेला थकवा मोजण्याची प्रश्नावलीही काढली आहे. तिची एक आवृत्ती कामगाराच्या घरच्यांनी भरावयाची असते. तिच्याही शीर्षकात हे दहा रेघांचे अक्षर आहे.