कोळ्याचे विष आणि फिटचा आजार

फिट, फेफरे, मिरगी, आकडी अशी नावे अनेक असली तरी आजार एकच, आणि तो मेंदूचा आहे. वैद्यकात त्याला अपस्मार म्हणतात. जगात सुमारे 5 कोटी लोकांना तो आहे. तरीही फिट आली की आजही कोणी चप्पल हुंगवतो, तर कोणी 'बाहेरचे आहे' म्हणून देवऋषाकडे न्यायला सांगतो. म्हणून फिट का येते, हे आधी समजून घेऊ.

मेंदूतील पेशी विजेच्या बारीक संदेशांनी एकमेकींशी बोलतात. काही पेशी संदेश पुढे पाठवतात, तर काही पेशी ब्रेकचे काम करतात. ब्रेक कमी पडला की असंख्य पेशी एकदम पेटतात आणि शरीराला झटके येतात. पेशींवर सोडियम आत घेणारी सूक्ष्म दारे असतात. ती उघडली की पेशी संदेश पाठवते.

ड्रावे सिंड्रोम नावाच्या आजारात नेमकी ब्रेकच्या पेशींची दारे कमी पडतात. फ्रान्सच्या डॉ. शार्लोट ड्रावे यांनी 1978 मध्ये त्याचे वर्णन केले. बाळ वर्षाचे होण्याआधीच, बहुधा तापात, लांबलेली फिट येते. बहुतेक मुलांत एका जनुकातील बिघाड हे कारण असते आणि तो बहुधा आईबापांकडून आलेला नसतो, नव्यानेच झालेला असतो. म्हणून आईला दोष देऊ नये. मागच्या जन्मीचे पाप म्हणून दुःख भोगावे लागते ही कल्पना बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात नाकारली आहे, हेही ध्यानात ठेवावे.

फिटची काही नेहमीची औषधे सोडियमची सगळीच दारे आवळतात. इतर अनेक रुग्णांना त्यांचा चांगला गुण येतो. ड्रावेच्या मुलांत मात्र आधीच कमजोर असलेला ब्रेक आणखी ढिला पडतो आणि फिट वाढू शकते.

इथे कोळी कामाला आला. पश्चिम आफ्रिकेतील टोगो भागात एक मोठा केसाळ कोळी आढळतो. त्याच्या विषात एचएम1ए नावाचे छोटे प्रथिन आहे. ते ब्रेकच्या पेशींवरील दारे जास्त वेळ उघडी ठेवते. ऑस्ट्रेलियातील मेलबर्नची फ्लोरी संस्था आणि क्वीन्सलँड विद्यापीठ येथील शास्त्रज्ञांनी ड्रावेसारखा आजार असलेल्या उंदरांच्या मेंदूत ते थेट सोडले. उंदरांच्या फिट कमी झाल्या आणि ते जास्त जगले. हे संशोधन 2018 मध्ये प्रसिद्ध झाले.

विषापासून औषध होणे नवीन नाही. रक्तदाबाची कॅप्टोप्रिल ही गोळी ब्राझीलच्या एका सापाच्या विषाच्या अभ्यासातून आली. पण कोळ्याच्या विषाची फिटवरची गोळी अजून दुकानात नाही. असे प्रथिन रक्तातून मेंदूत सहज पोचत नाही, आणि उंदरांवरचे यश माणसावर सिद्ध व्हावे लागते. म्हणून 'विषाचे औषध' म्हणून कोणी काही विकत असेल तर घेऊ नये.

आज हातात असलेला उपचारही मोठा आहे. योग्य औषध नियमित घेतले तर 100 पैकी सुमारे 70 रुग्ण फिटशिवाय जगू शकतात. फिट थांबली म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करू नये.

फिट आली तर:

- रुग्णाला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ कापड ठेवा.
- तोंडात चमचा, पाणी, बोट काहीही घालू नका.
- हातपाय दाबून धरू नका. चप्पल, कांदा हुंगवू नका.
- घड्याळ पाहा. 5 मिनिटांत थांबली नाही, किंवा शुद्धीवर येण्याआधी पुन्हा आली, तर 108 ला फोन करा.
- पहिलीच फिट असेल तर ती थांबली तरी डॉक्टरांना दाखवा.

कारण शोधा आणि मग उपाय करा, हीच तथागतांची शिकवण आहे. घरातल्या आजारालाही तीच लावूया.

जय भीम! नमो बुद्धाय!