गोळी आज सुरू, रिअ‍ॅक्शन महिन्याने: ड्रेस सिंड्रोम म्हणजे काय?

ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं वाटतं त्यांच्यासाठी आजच्या भागाचा हा लेखी मजकूर. आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही, कोड लिहिणारा माणूस आहे.

औषधाची अ‍ॅलर्जी म्हटलं की काय आठवतं? गोळी घेतली आणि अर्ध्या तासात अंगावर पित्त उठलं. ड्रेस सिंड्रोम असा वागत नाही. नवीन औषध सुरू केल्यावर साधारण २ ते ८ आठवड्यांनी तो डोकं वर काढतो. ताप येतो, अंगभर लाल पुरळ उठतं, चेहरा सुजतो, मानेत-काखेत गाठी येतात. घरचे म्हणतात, गोवर असेल, उष्णता असेल. महिनाभर नीट चाललेल्या गोळीवर कुणाचा संशयच जात नाही, आणि ती चालूच राहते. खरा धोका इथेच आहे.

कारण पुरळ फक्त वर दिसतं. आत आपलीच रोगप्रतिकारशक्ती अवयवांवर उलटलेली असते. सगळ्यात जास्त वेळा लिव्हरवर, कधी किडनी, फुप्फुसं, हृदयावरही. रक्तात बहुतेक वेळा इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी वाढतात. मृत्यूचं प्रमाण १० टक्क्यांपर्यंत सांगितलं जातं.

नेहमीचे संशयित कोण? आकडीवरच्या कार्बामाझेपिन, फेनिटॉइन, लॅमोट्रिजिन. युरिक अ‍ॅसिडसाठीची अ‍ॅलोप्युरिनॉल. डॅप्सोन आणि काही सल्फा औषधं.

आता उपचार. पहिली पायरी, ते औषध थांबवणं. आमच्याकडे सर्व्हर बोंबलला की आधी कालचा बदल मागे घेतात. इथे मात्र गेल्या दोन महिन्यांतला बदल शोधावा लागतो. म्हणून सगळ्या गोळ्यांची पाकिटं घेऊन त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. आकडीची गोळी मनाने सोडू नका, डॉक्टर पर्याय देतात. तो पर्यायही जपून निवडावा लागतो, कारण कार्बामाझेपिन ज्याला सोसली नाही त्याला फेनिटॉइन आणि फेनोबार्बिटोनही बाधू शकते.

दुसरी पायरी, तपासण्या: सीबीसी, लिव्हर, किडनी, लघवी, ईसीजी. काही दिवसांनी त्या पुन्हा कराव्या लागतात.

तिसरी, स्टेरॉइड. अवयव ठीक असतील तर कधी कधी त्वचेवर लावायच्या मलमावर भागतं. नसतील तर प्रेडनिसोलोन, बहुधा वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज ०.५ ते १ मिलिग्रॅम. पुरळ गेलं म्हणून ते लगेच बंद करायचं नाही. डोस काही आठवडे, कधी काही महिने हळूहळू उतरवतात. घाई केली तर आजार उलटतो.

बरं झाल्यावरही थायरॉइड तपासत राहावं लागतं, कारण काहींमध्ये तो त्रास काही महिन्यांनी सुरू होतो.

एक काम आजच करा. घरात कुणाला अशी रिअ‍ॅक्शन आली असेल तर त्या औषधाचं नाव फोनच्या इमर्जन्सी माहितीत टाका आणि एका चिठ्ठीवर लिहून पाकिटात ठेवा. ते औषध त्या व्यक्तीला पुन्हा कधीच द्यायचं नसतं, आणि पुढच्या डॉक्टरला हे तुम्हीच सांगायचं आहे.

भेटूया पुढच्या भागात. काळजी घ्या!