कर्करोगी आणि विश्रांति

आमच्या मोठ्या कुटुंबांत कोणी आजारी पडलें, म्हणजे घरच्यांचें प्रेम प्रथम 'तुम्ही उठूं नका' या शब्दांनीं प्रकट होतें. त्यांतून दुखणें कर्करोगाचें असेल तर विचारावयासच नको! सासूबाईंच्या हातांतला तांब्या सून काढून घेते, मुलगा पेला अंथरुणाशीं आणून देतो, आणि जिना उतरण्याचें तर कोणी नांवही काढूं देत नाहीं. या मायेविषयीं आम्हांस आदरच आहे. परंतु ती रोग्यास नेहमींच मानवते, असें मात्र नाहीं.

केमोथेरपीनंतर येणारा थकवा श्रमाच्या थकव्यासारखा नसतो. रात्रभर झोंप लागली तरी तो उतरत नाहीं. आणि माणूस जों जों पडून राहतो, तों तों त्याचे स्नायु झडतात व थकवा अधिकच वाढतो. आठवड्यांतून तीन वेळां अर्धा अर्धा तास बेताचा व्यायाम केल्यास हा थकवा, तसेंच मनाची काळजी व उदासीनता कमी होते, असा निर्णय अनेक देशांच्या तज्ज्ञांनीं २०१९ सालीं प्रसिद्ध केला. ऐकावयास हें उलटें वाटतें खरें.

याहूनही महत्त्वाची वार्ता २०२५ च्या जूनमध्यें आली. मुख्यत्वें कॅनडा व ऑस्ट्रेलिया या देशांत मोठ्या आंतड्याच्या कर्करोगाचे ८८९ रोगी निवडण्यांत आले होते. त्यांची शस्त्रक्रिया व केमोथेरपी झालेली होती. निम्म्यांस आरोग्याची पुस्तिका दिली. उरलेल्यांस पुस्तिकेबरोबर तीन वर्षें एक मार्गदर्शकही दिला. व्यायाम ज्यानें त्यानें आवडीचा निवडावयाचा. प्रमाण म्हणाल तर आठवड्यांतून तीनचार वेळां पाऊण ते एक तास झपझप चालण्याइतकें. आठ वर्षांअखेर मार्गदर्शक लाभलेल्यांपैकीं शेंकडा ९०.३ हयात होते, नुसत्या पुस्तिकावाल्यांपैकीं शेंकडा ८३.२. छापील उपदेशानें माणूस चालूं लागत नाहीं, हें आम्हां मासिकवाल्यांस जरा झोंबतें. पण आंकड्यांपुढें इलाज नाहीं. व्यायाम करणारांत स्नायु व सांधे दुखावण्याच्या तक्रारी कांहींशा अधिक आढळल्या, हेंही सांगितलें पाहिजे. शिवाय हा पुरावा आंतड्याच्या कर्करोगापुरता आहे; तो सर्व कर्करोगांस सरसकट लावूं नये.

आमच्या भगिनींच्या दृष्टीनें दुसरा एक प्रयोग विशेष उपयोगी आहे. स्तनाच्या कर्करोगांत कांखेंतील ग्रंथि काढल्या म्हणजे कित्येकींच्या हातास सूज येते. म्हणून त्या हातानें जड वस्तु उचलूं नये, असें त्यांस वर्षानुवर्षें बजावण्यांत येई. अमेरिकेंत अशी सूज असलेल्या १४१ स्त्रियांवर प्रयोग झाला व त्याचा वृत्तांत २००९ सालीं प्रसिद्ध झाला. जाणत्या शिक्षकाच्या देखरेखीखालीं, अगदीं हलक्या वजनापासून आरंभ करून, आठवड्यांतून दोन वेळां ज्या वजनें उचलीत, त्यांची सूज वाढली नाहीं. उलट ती एकाएकीं बळावण्याचे प्रसंग कमी झाले. अर्थात् यावरून उद्यांच भरली घागर उचलावी, असें कोणी समजूं नये. बळ चढवावयाचें तें पायरीपायरीनेंच.

रोग हाडांत पसरला असेल, ताप असेल, रक्तांतील पेशी फार उतरल्या असतील किंवा छातींत दुखत असेल, तर डॉक्टरांस विचारल्यावांचून कांहींही करूं नये. ही अट केवळ उपचारापुरती लिहिली आहे, असें मानूं नये.

एकत्र कुटुंबास येथें करण्यासारखें पुष्कळ आहे. तिकडे जें काम पगारी मार्गदर्शकानें केलें, त्यांतलें सोबतीचें काम आपल्या घरीं नातू किंवा धाकटी जाऊ सहज करूं शकेल. ठरलेल्या वेळीं वहाणा पुढें ठेवून 'आजोबा, चला' म्हणणारें कोणी असलें, म्हणजे निम्मा आळस जातो. केमोथेरपीनंतरच्या दोनतीन दिवसांत गच्चीवर पांच मिनिटें फिरलें तरी पुरे. मात्र कांहीं औषधांनीं तळपाय बधिर होतात व ठेंच लागलेली कळत नाहीं; अशा रोग्यास वहाणांऐवजीं टांच धरून ठेवणारे बूट घ्यावेत, आणि फिरून आल्यावर त्याचे पाय कोणीतरी उजेडांत नीट पाहावेत.