आधी फाइलीचा मालक पाहा

लिनक्स डेस्कटॉपवर डीएनएस सर्व्हर बदलायचा, तर काम दिसायला एका ओळीचं. 'नेमसर्व्हर' हा शब्द आणि पुढे आयपी पत्ता. ही ओळ ईटीसी फोल्डरमधल्या रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ फाइलीत लिहायची, असं मॅन्युअल सांगतं. अशा तीनच ओळी चालतात, हेही सांगतं. पण तुमच्या मशीनवर ही फाइल सध्या कोण लिहितंय, याबद्दल अक्षर नाही.

म्हणून मी फाइल उघडण्याआधी 'एलएस -एल' चालवतो. उबुंटू 18.04 वर लगेच दिसतं, की ती फाइल नाहीच, ती एक लिंक आहे. खरी फाइल रन फोल्डरमध्ये, म्हणजे मेमरीत. मशीन सुरू होताना दरवेळी नव्याने तयार होणारी. आत सूचना : ही फाइल सिस्टिमडी-रिझॉल्व्हड सांभाळतो, हाताने बदलू नका. खाली पत्ता 127.0.0.53. तो राउटरचाही नाही आणि इंटरनेट देणाऱ्या कंपनीचाही नाही, याच मशीनचा आहे. राउटर खरे पत्ते नेटवर्क मॅनेजरला देतो, तो ते रिझॉल्व्हडकडे सोपवतो, आणि प्रोग्राम रिझॉल्व्हडला विचारतात. मधेच कुणी हाताने ओळ घातली, तर ती थोडा वेळ चालते आणि रीस्टार्ट झाल्यावर गायब होते.

या पत्त्यावरून इंटरनेटवर सापडलेल्या मदतीच्या पानाचं वयही कळतं. 127.0.1.1 दिसला, तर ते पान रिझॉल्व्हडच्या आधी हे काम करणाऱ्या डीएनएसमास्कच्या काळातलं. 53 वर संपणारा दिसला, तर रिझॉल्व्हडच्या काळातलं. फेडोराने रिझॉल्व्हड स्वीकारला तो 2020 मध्ये, आवृत्ती 33 पासून. त्या त्या काळात प्रत्येक पान बरोबरच होतं.

दुसरी गोम शोधाच्या क्रमात आहे. ऑफिसातल्या सर्व्हरचं नाव 'लोकल'ने संपत असेल, तर डीएनएस तपासणाऱ्या 'डिग' कमांडला ऑफिसचा डीएनएस नेमून दिला की उत्तर हजर. पिंगला मात्र तेच नाव सापडत नाही. डिग थेट सर्व्हरला विचारतं. पिंग एनएसस्विच डॉट कॉन्फमधल्या क्रमाने जातं : आधी होस्ट्स फाइल, मग मल्टिकास्ट, शेवटी डीएनएस. 'लोकल'वाल्या नावांचा शोध मधल्याच पायरीवर थांबू शकतो. म्हणून प्रोग्रामला काय दिसतं ते पाहायला डिग नव्हे, 'गेटेंट होस्ट्स' वापरावं.

यातली कुठलीच माहिती गुप्त नाही. रिझॉल्व्हडच्या मॅन्युअलमध्ये रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ हाताळण्याचे चार प्रकार नीट दिलेत. पण ते वाचायला रिझॉल्व्हड हे नाव आधी ठाऊक हवं. प्रत्येक मॅन्युअल आपापल्या प्रोग्रामबद्दल बोलतं. वाचणाऱ्याची अडचण असते दोन प्रोग्रामांच्या सांध्यात. जमिनीचा व्यवहार करणारा माणूस आधी सातबारा पाहतो. इथेही काय लिहायचं हे सांगण्याआधी, फाइल कुणाच्या ताब्यात आहे हे कसं पाहायचं ते पहिल्याच परिच्छेदात यायला हवं.