यंत्रदुरुस्ती आणि आपली जयणा

सुरतेची कीर्ती एके काळी बंदराची, जरीची व रेशमाची होती. आज ती कृत्रिम धाग्याच्या कापडाचीही आहे. रिंगरोडवरील बाजारपेठांतून देशभर जाणारा माल उधना, पांडेसरा, कतारगाम, सचिन येथील मागघरांत आणि रंगाई-छपाईच्या गिरण्यांत सिद्ध होतो. तापी खोऱ्याच्या रेल्वेने खानदेशातून आलेले, तसेच दूरच्या ओडिशा, उत्तर प्रदेश व बिहारमधून आलेले कामगार तेथे रात्रंदिवस राबत असतात. आपल्या पेढ्यांची भरभराट त्यांच्या हातांवर उभी आहे. त्या हातांना इजा का होते व ती कशी टाळता येईल, याचा विचार या स्मरणिकेत अप्रस्तुत ठरणार नाही, असे आम्हांस वाटते.

चालू यंत्राला सगळेच भितात. बंद यंत्राला कोणी भीत नाही, आणि पुष्कळदा घात तेथेच होतो. रोजच्या कामात चाके, पट्टे व दाते जाळीच्या आड असतात. दुरुस्तीच्या वेळी ती जाळी काढावी लागते. कारागिराचा हात यंत्राच्या पोटात असतो आणि बटण मात्र चार पावलांवर, दुसऱ्याच्या हाताशी असते. अशा वेळी पाळी बदलते, नवा माणूस येतो, यंत्र उगाच बंद पडले आहे असे समजून तो बटण दाबतो. यात कोणाचाही दुष्ट हेतू नसतो. एकाला दुसऱ्याची खबर नव्हती, इतकेच. पण तेवढ्याने एका संसाराचा आधार जातो.

वीज तोडली म्हणजे धोका सरला, असेही नाही. ओले कापड पिळणाऱ्या हायड्रोची टोपली वीज बंद केल्यावरही काही वेळ वेगाने फिरत राहते. पॉलिएस्टर रंगविण्याच्या जेट यंत्रात सुमारे १३० अंश सेल्सिअसचे पाणी दाबाखाली असते. दाब पुरता उतरण्यापूर्वी झाकण सैल केले, तर वाफ व उकळते पाणी अंगावर येते. सांडपाण्याच्या बंद टाकीत विषारी वायू साचू शकतो. आत उतरलेला मनुष्य बेशुद्ध पडतो आणि त्याला काढण्यास धावलेलाही तेथेच कोसळतो.

यावरचा मुख्य उपाय आपणा व्यापाऱ्यांच्या चांगल्या परिचयाचा आहे. तो म्हणजे कुलूप! तिजोरीची किल्ली आपण भलत्याच्या हाती देत नाही. तोच नियम येथे लावावा. विजेचा मुख्य खटका बंद करून त्यास कुलूप घालावे आणि ज्याचा हात यंत्रात जाणार, किल्ली त्याच्याच खिशात असावी. दोन कारागीर असतील तर दोन कुलपे असावीत. शेजारी कारागिराच्या नावाची पाटी टांगावी. मग सुरू करण्याचे बटण एकदा दाबून यंत्र खरोखरच निश्चल आहे, याची खात्री करून घ्यावी. फिरते भाग थांबेपर्यंत व दाब उतरेपर्यंत धीर धरावा. वर उचललेल्या जड भागाखाली भक्कम आधार द्यावा. टाकीतील हवा तपासल्याखेरीज आणि बाहेर दोर धरून माणूस उभा असल्याखेरीज कोणासही आत उतरू देऊ नये. काम संपल्यावर हत्यारे मोजावीत, जाळी पुन्हा बसवावी आणि ज्याने कुलूप लावले त्यानेच ते काढावे.

हा विचार आजचा नाही. १८८४ साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने गिरणी कामगारांची सभा भरली होती. कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत पगार मिळावा व कायमचा अपंग झालेल्याच्या निर्वाहाची तजवीज व्हावी, अशी मागणी तीत झाली. नुकसानभरपाईचा कायदा होण्यास मात्र १९२३ साल उजाडले. १९४८ च्या कारखाना कायद्याने चालत्या यंत्राची तपासणी वा तेलपाणी करण्याचे काम खास शिक्षण घेतलेल्या प्रौढ कामगारासच, तेही अंगासरशा कपड्यांत, करण्याची मुभा ठेवली होती. त्या कायद्याची जागा आता २०२० च्या संहितेने घेतली असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली आहे. विजेवर चालणाऱ्या ठिकाणी २० कामगार असले, तरच ती त्यास 'कारखाना' म्हणते. आपल्या शहरातील कितीतरी लहान मागघरे या व्याख्येबाहेर राहतात. जेथे कायद्याचा हात पोहोचत नाही, तेथे आपली जयणा पोहोचली पाहिजे.

तत्त्वार्थसूत्राने हिंसेची व्याख्या करताना प्रमादाला मूळस्थानी ठेवले आहे. आदान-निक्षेपण समिती तर वस्तू उचलताना व ठेवतानाही सावधानता राखण्यास सांगते. मुक्या जिवांसाठी पांजरपोळ चालविणाऱ्या समाजाने 'आमचा तसा हेतू नव्हता' एवढ्या उत्तरावर समाधान मानणे शोभणारे नाही.

येथे आम्हांस आमचाही दोष सांगितला पाहिजे. दिवाळीच्या तोंडावर मागण्यांची गर्दी असता आम्हीही पेढीवरून वारंवार विचारणा केली आहे : 'यंत्र केव्हा सुरू होणार?' मालकाचा हा प्रश्न मुकादमाकडे हुकूम होऊन पोहोचतो आणि कारागीर कुलूप न लावताच हात आत घालतो. मीटरवर मजुरी घेणाऱ्या विणकराची मजुरीही माग थांबताच थांबते. म्हणून तोही घाई करतो. तेव्हा कुलपाइतकेच महत्त्वाचे आहे ते दुरुस्तीच्या वेळेची मजुरी देणे आणि त्या वेळेपुरती आपली विचारणा आवरणे.

दर संवत्सरीस आपण सर्व जिवांची क्षमा मागतो. येत्या संवत्सरीपूर्वी प्रत्येक सभासदाने आपल्या किंवा आपला माल जेथे तयार होतो त्या कारखान्यात एकदा जावे आणि दुरुस्ती चालू असता किल्ली कोणाच्या खिशात असते, एवढेच विचारावे, अशी आमची सर्व बंधुभगिनींस नम्र विनंती आहे.