ताक कळकले तर कळते, दुधात शिसे उतरले तर?

पितळी भांड्याची कल्हई उडालेली असली आणि त्यात ताक रात्रभर राहिले, तर घरातली म्हातारी माणसे एक घोट घेऊनच सांगत, "कळकलं गं, ओतून दे!" आंबट ताकात भांड्याचे तांबे उतरते आणि जीभ ते लगेच ओळखते. म्हणजे अन्नात धातू उतरतो, ही गोष्ट आपल्या आयाबायांना शास्त्रज्ञांच्या आधीपासून ठाऊक होती.

पण सगळेच धातू असे सांगून येत नाहीत. शिसे, पारा, कॅडमियम हे दुधात किंवा माशात उतरले, तर रंग बदलत नाही, वास येत नाही, चवही तीच राहते. तेथे मोजमापच हवे.

आपल्या श्रीगोंदा तालुक्यात घर चालते ते ऊस, लिंबू आणि दूध यांवर. रोज सकाळी डेअरीवर दुधाची फॅट लागते, एसएनएफ लागते, त्यावर भाव ठरतो. मात्र ते यंत्र शिसे सांगत नाही. ते त्याचे कामच नव्हे.

काळूकाठची गोष्ट

गवतातून जनावरात आणि जनावरातून माणसात धातू जातो का? याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. ठाणे जिल्ह्यात कल्याणजवळ आंबिवली गावाशेजारून काळू नदी वाहते. काठावर कारखाने आले आणि त्यांचे पाणी नदीत जाऊ लागले. मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधील संशोधकांनी या भागाची तपासणी केली, तेव्हा नदीकाठच्या वनस्पतींत पारा आणि शिसे यांसारखे जड धातू आढळले. त्याच काठावर गाईम्हशी चरत होत्या आणि त्यांचे दूध माणसांच्या पोटात जात होते. दिल्लीच्या विज्ञान व पर्यावरण केंद्राने १९८२ साली देशाच्या पर्यावरणाचा अहवाल काढला, त्यात या प्रकाराची नोंद झाली. गवत हिरवे होते, दूध पांढरे होते. मोजले म्हणून कळले.

नदी पुढे समुद्राला मिळते

काळू उल्हासला मिळते, उल्हास खाडीला आणि खाडी समुद्राला. पाण्यातला धातू गाळात बसतो. गाळातले जिवाणू पाऱ्याचे रूप बदलतात. ते रूप अंगात सहज शिरते आणि लवकर बाहेर पडत नाही. गाळातल्या किड्याला लहान मासा खातो, लहानाला मोठा खातो आणि पायरीगणिक पारा साठत जातो. जपानमध्ये मिनामाता येथे आधी मांजरे झटके येऊन मरू लागली, नंतर कोळ्यांची कुटुंबे अंथरुणाला खिळली. १९५६ साली या रोगाची अधिकृत नोंद झाली. एका कारखान्याने खाडीत सोडलेला पारा माशांवाटे घराघरांत पोचला होता.

आज आपल्या देशात साध्या माशात किलोमागे अर्धा मिलिग्रॅम पारा ही कमाल मर्यादा आहे. कोकणातून परदेशी जाणाऱ्या माकूळसारख्या मालाचीही कॅडमियमसाठी तपासणी होते. मर्यादा ओलांडली की माल परत येतो.

आपल्याला समुद्र दूर, पण भीमा जवळ. पुण्याचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत येते आणि भीमा पेडगावावरून उजनीकडे जाते. म्हणून भीमेचा रोहू किंवा चिलापी विषारी, असे कोणी म्हणू नये. न मोजता विषारी म्हणणे चूक आणि न मोजता निर्धास्त राहणेही चूक.

मोजतात कसे?

आपल्या माती परीक्षणाच्या पत्रिकेवर जस्त, लोह, तांबे, मँगेनीज यांचे आकडे असतात. ते ज्या यंत्रावर निघतात, त्याच जातीच्या यंत्रावर दुधातले शिसेही मोजता येते. ऑस्ट्रेलियाचे शास्त्रज्ञ अ‍ॅलन वॉल्श यांनी १९५५ साली ही पद्धत जगापुढे मांडली. नमुना आम्लात विरघळवून ज्योतीत किंवा भट्टीत तापवतात आणि त्यातून एका विशिष्ट दिव्याचा प्रकाश सोडतात. कळपातले वासरू जसे आपल्याच आईच्या हाकेला ओ देते, तसा प्रत्येक धातू आपलाच प्रकाश शोषतो. किती प्रकाश शोषला, त्यावरून धातू किती ते कळते.

दुधात शिशाची मर्यादा किलोमागे ०.०२ मिलिग्रॅम आहे. दहा हजार लिटरचे पाच टँकर दूध आणि त्यात अवघे एक ग्रॅम शिसे, असा हा हिशेब! म्हणून नमुना प्रयोगशाळेने दिलेल्या स्वच्छ प्लॅस्टिकच्या बाटलीतच घ्यावा. पितळी तांब्यातून किंवा डाग दिलेल्या जुन्या भांड्यातून घेतला, तर दुधाऐवजी भांडेच मोजले जायचे.

गोठ्यात काय पाहावे?

कारखाना नसला तरी शिसे गोठ्यात येऊ शकते. ट्रॅक्टरची जुनी बॅटरी कुडाला टेकवून ठेवलेली असते, रंगाचे रिकामे डबे पडलेले असतात, जळके ऑइल सांडलेले असते. जनावर ते चाटते. अंगात फॉस्फरस कमी पडला की ही चाटण्याची खोड वाढते.

शिसे जास्त गेले की जनावर दात खाते, आंधळ्यासारखे भिंतीला धडकते, डोके रेटून उभे राहते, झटके देते. पिसाळल्याचीही लक्षणे थोडीफार अशीच असतात. म्हणून तोंडात हात घालू नये. लगेच पशुवैद्यांना बोलवावे आणि जनावराने काय चाटले असेल ते स्पष्ट सांगावे. वेळेत उपचार झाल्यास काही जनावरे वाचतात. अशा जनावराचे दूध वासराला, घरात किंवा डेअरीला देऊ नये. पशुवैद्यांनी तपासणी करून सांगेपर्यंत वेगळे ठेवावे. उकळल्याने शिसे जात नाही. खव्यात तर दूध आटते, शिसे तेवढेच राहते आणि किलोमागे प्रमाण वाढते. लहान मुलांच्या मेंदूला थोडे शिसेही बाधते, हे विसरू नये.

आणखी एक गोष्ट. धातू म्हणजे सगळे वाईट असे नाही. जस्त, तांबे कमी पडले तर गाय माजावर येत नाही, गाभण राहत नाही. त्यासाठी खनिज मिश्रण द्यावेच, पण प्रमाणातच. आणि गाईचे मिश्रण मेंढ्यांना मुळीच घालू नये. मेंढीच्या काळजात तांबे साठत जाते आणि एक दिवस धडधाकट मेंढी अचानक दगावते. गाईचे औषध ते मेंढीचे विष!

एकट्याने नव्हे, संस्थेने

एका घराला अशी तपासणी परवडायची नाही. पण दूधसंस्थेने वर्षातून एकदा संकलनाच्या एकत्र दुधाचा नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवला, तर खर्च सर्वांत वाटला जातो. आकडा चांगला आला तर आपल्या दुधाची पत वाढेल. वाईट आला तर कोणत्या गोठ्यातून, कोणत्या चाऱ्यातून आले ते शोधता येईल. वार्षिक सभेत भावाबद्दल आपण तावातावाने बोलतो. यंदा एक हात या मागणीसाठीही वर करावा, आणि तो बायाबापड्यांनी आधी करावा. धार त्याच काढतात आणि पहिला पेलाही त्याच मुलांच्या हाती देतात.

तोवर एवढे आजच करा. गोठ्यातली ती जुनी बॅटरी आधी उचला.